ठसका थांबला, पण दाणा आतच राहिला: मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत वस्तू गेल्यास काय करावं

जेवताना जोराचा ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. शेजारचा डोक्यावर टापली मारून ‘वर बघ’ म्हणतो आणि पाच मिनिटांत सगळं शांत होतं. बहुतेक वेळा खरोखरच काही झालेलं नसतं. पण ठसका थांबला म्हणजे वस्तू बाहेर पडलीच, असं धरून चालता येत नाही. ती खाली सरकून फुप्फुसाच्या एखाद्या फांदीत बसली, तरीही खोकला थांबतो, कारण आतल्या अस्तराला थोड्या वेळाने तिची सवय होते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, बेडका पडतो, न्यूमोनियाचं निदान होतं, आणि त्या ठसक्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

लहान मुलाने दाणा ओढला तर घर हादरतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा प्रकार शांतपणे घडतो. प्रौढाची मुख्य श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे शेंगदाणा, सुपारीचं खांड किंवा हरभरा तिथे न अडकता सरळ खाली जातो. पुढे नलिकेच्या दोन शाखा होतात. उजवी शाखा जास्त रुंद, आखूड आणि उभी असल्यामुळे वस्तू बहुधा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात जाते. बाकीचं फुप्फुस चालू असतं, म्हणून माणूस बोलतो, चालतो, शेतातही जातो.

तिथल्या तिथे काय करायचं

आधी एकच प्रश्न विचारा: ‘बोलता येतंय का?’ माणूस बोलत असेल, जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीत धपाटे घालू नका, पाणी पाजू नका, थोडं पुढे वाकवून बसवा. त्याच्या स्वतःच्या खोकल्याइतका जोर बाहेरच्या कुठल्याच उपायात नाही.

आवाज फुटत नाही, खोकल्याचा आवाज येत नाही, हात गळ्याकडे जातो, ओठ निळे पडू लागतात, तर वस्तू वरच अडकली आहे आणि हातात मिनिटंच आहेत. एकाला 108 लावायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, एका हाताने छातीला आधार देऊन त्याला चांगलं पुढे वाकवा आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये 5 जोरदार थापा मारा. वस्तू निघाली नाही तर मागे उभे राहून एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असा झटका द्या. असे 5 झटके. मग पुन्हा 5 थापा, पुन्हा 5 झटके, वस्तू निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत. गरोदर बाईला किंवा पोट खूप मोठं असलेल्या माणसाला झटके पोटावर देऊ नका, छातीच्या हाडाच्या मध्यावर द्या. माणूस एकटाच असेल तर त्याने खुर्चीच्या पाठीवर किंवा ओट्याच्या कडेवर पोटाचा तोच भाग आदळायचा.

बेशुद्ध पडला तर पाठीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करा: 30 दाब, 2 श्वास. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात पाहा. वस्तू दिसली तर काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, त्याने ती आणखी आत जाते.

केळं किंवा भाताचा घट्ट गोळा गिळायला देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती मुळात घशात काटा रुतल्यावरची, आणि तिथेही ती धोक्याचीच. श्वासनलिकेतल्या वस्तूवर तिचा काहीच उपयोग नाही. केळं अन्ननलिकेतून जातं. आणि जे श्वासनलिकेत जाईल, ते आधीच्या वस्तूत भर घालेल.

पोटावर झटके दिले असतील, तर माणूस लगेच बरा वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. यकृताला, प्लीहेला किंवा जठराला इजा झालेली असू शकते.

ठसका थांबल्यावर लगेच मोजदाद करा

हे काम कोणी करत नाही आणि नेमकं तेच पुढे उपयोगी पडतं. माणूस शांत झाल्यावर बाहेर काय पडलं ते बघा. हाडाचा तुकडा होता तर तो पूर्ण निघाला का? कवळी जागेवर आहे का, तिचा कोपरा किंवा तार तुटलीय का? दात हलत होता, तो आहे का? शिंपीकाम करणाऱ्याच्या तोंडात किती टाचण्या होत्या, सुताराच्या दातात किती चुका (बारीक खिळे) होत्या? हिशेब लागला नाही तर हरवलेली वस्तू फुप्फुसात आहे असं गृहीत धरा आणि त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढा.

हिशेब लागला, पण खालीलपैकी काही उरलं असेल तरीही त्याच दिवशी जा: थांबून थांबून येणारा खोकला, एका बाजूला छातीत शिटीसारखा आवाज, आवाजात घोगरेपणा, चालताना आधी लागत नव्हता असा दम. गिळताना दुखतंय आणि लाळ गिळवत नाही, पण श्वास ठीक आहे, तर वस्तू बहुधा अन्ननलिकेत आहे. तोही दवाखान्याचाच विषय आहे, पण त्याची दुर्बीण, म्हणजे आत पाहायची नळी, वेगळी.

आपल्या खान्देशात अक्कलकुवा-धडगावकडून किंवा यावल-रावेरच्या पाड्यांवरून जिल्ह्याच्या ठिकाणी येताना माणसाला बसवूनच आणा, ज्या स्थितीत त्याला श्वास सोपा जातो त्या स्थितीत. वाटेत चहा-बिस्किट काही नको. झोपेची गोळी नको. धारदार वस्तू असेल तर मुद्दाम खोकायला लावू नका.

आत काय गेलं, त्यावर बिघाड ठरतो

शेंगदाणा आपल्या भागात सगळ्यात जास्त लक्षात ठेवायला हवा. खान्देशी भरतात तो अख्खा असतो, चिवड्यात असतो, आणि पिणाऱ्यांच्या चकण्यात तर असतोच. त्याचं तेल श्वासनलिकेच्या अस्तराला सोसत नाही. काही दिवसांत अस्तर सुजतं, त्याच्याभोवती लालसर, नाजूक मांस वाढतं आणि दाणा त्यात गाडला जातो. त्या मांसातून सहज रक्त येतं. ओलाव्याने दाणा मऊ पडतो, म्हणून उशिरा काढायला गेलं की चिमट्यात भुगा होतो आणि कण आणखी खोल जातात. पहिल्या दिवशी जो दाणा सहज निघाला असता, तो महिन्याने डॉक्टरांचा घाम काढतो.

हरभरा, फुटाणा, वाटाणा, तुरीचा दाणा पाणी शोषून फुगतात. सकाळी अर्धी बंद असलेली नळी संध्याकाळी पूर्ण बंद होऊ शकते. चिंचोका, सीताफळाची बी, सुपारी फारसे फुगत नाहीत, पण गुळगुळीत असल्यामुळे चिमट्यातून निसटतात आणि खोकल्याबरोबर जागा बदलतात. आज उजवीकडे, उद्या डावीकडे असंही होतं. मिरचीच्या तुकड्याने अस्तर फार पेटतं.

औषधाच्या गोळीबद्दल ‘विरघळून जाईल’ असं लोक म्हणतात. लोहाच्या गोळीच्या बाबतीत हे म्हणणं घातक आहे. ती विरघळते, पण विरघळताना श्वासनलिका भाजते. काही तासांत जखम होते आणि भरताना नळी कायमची आखडू शकते. पोटॅशियमच्या गोळीचंही तसंच. रक्तवाढीची गोळी घेताना जोराचा ठसका लागला आणि खोकला राहिला, तर सकाळची वाट पाहू नका, आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या.

हाड, टाचणी, चूक या वस्तूंनी भिंतीला छिद्र पडू शकतं, छातीत हवा भरू शकते. टाचणी बहुधा डोक्याच्या बाजूने खाली जाते आणि टोक वर राहतं, म्हणून खोकल्यागणिक ते भिंतीत रुततं.

बंद नळीच्या पलीकडे काय घडतं

नळी पूर्ण बंद झाली तर पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग मिटतो. अर्धवट बंद झाली तर कधी कधी विहिरीवरच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हसारखं काम होतं: श्वास घेताना हवा आत जाते, सोडताना बाहेर येत नाही, आणि तो भाग फुगत जातो. दोन्हींत कफ बाहेर यायचा रस्ता बंद होतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने जंतू कमी होतात, ताप उतरतो, पण बूच तिथेच असतं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तोच ताप, पुन्हा त्याच जागी न्यूमोनिया.

असंच चालू राहिलं तर फुप्फुसात गळू होतं, बेडक्याला घाण वास येतो. पू फुप्फुसाबाहेरच्या पोकळीत उतरला तर नळी टाकून काढावा लागतो. सततच्या सुजेने नळ्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्या कायमच्या रुंदावतात. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात, आणि ही अवस्था वस्तू काढल्यावरही परत पूर्ववत होत नाही. रोज सकाळी वाटीभर बेडका, अधूनमधून रक्त, असं पुढे आयुष्यभर राहू शकतं. जुन्या वस्तूभोवती ॲक्टिनोमायकोसिस नावाचा हळू वाढणारा संसर्ग होतो तेव्हा स्कॅनवर गाठ दिसते आणि घरात कॅन्सरची धास्ती बसते.

टीबी, दमा आणि विसरलेला ठसका

खोकला, ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त. आपल्याकडे हे चित्र दिसलं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा. थुंकीची तपासणी आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) सरकारी दवाखान्यात मोफत होतात, त्या आधी करून घ्या. चूक पुढे होते: थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी एक्स-रेवर डाग आहे म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो, आणि वस्तू तेवढे महिने आत राहते. टीबीचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो. वस्तूमुळे होणारा बहुधा खाली, तोही उजवीकडे. मधुमेह असलेल्या माणसात टीबी खालीही होतो, त्यामुळे यावरून निकाल लावता येत नाही, पण प्रश्न विचारता येतो.

दम्याचंही तसंच. चाळिशी-पन्नाशीपर्यंत कधी दमा नव्हता, अचानक छातीत शिटी वाजायला लागली, पंपाने पुरता आराम पडत नाही, आणि डॉक्टरांना आवाज एकाच बाजूला ऐकू येतो, तर तो दमा आहे का, हे पुन्हा तपासावं लागतं. दमा दोन्ही बाजूंना वाजतो.

एक्स-रेचे जुने फिल्म फेकू नका. सहा महिन्यांतले दोन-तीन शेजारी ठेवले आणि डाग दर वेळी त्याच जागी असेल, तर ती नळी आतून पाहिल्याशिवाय औषधं बदलत राहण्यात अर्थ नाही. तिथे गाठ असू शकते, वस्तू असू शकते. दोन्हींसाठी दुर्बीण लागतेच.

ठसका आठवत नाही, असं बरेच रुग्ण सांगतात. घरच्यांनी आठवायचं असतं. दारू किंवा ताडी प्यालेला माणूस, फिट येणारा, लकवा मारलेला, कंपवात असलेला, झोपेच्या गोळ्या घेणारा, अपघातात डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला, नुकताच दातांच्या दवाखान्यातून आलेला: या सगळ्यांचा घशाचा पहारा सुटलेला असतो. काहींना ठसकाही लागत नाही.

डॉक्टरांपुढे असं सांगा: ‘यांना दिवाळीच्या सुमारास चिवडा खाताना मोठा ठसका लागला होता. तोवर खोकला नव्हता. त्यानंतर दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा उजवीकडे खाली. थुंकीत टीबी नाही. श्वासनलिकेत काही अडकलं असेल का?’ एवढ्या पाच वाक्यांनी तपासाची दिशा बदलते.

तपासणी

साध्या एक्स-रेवर धातू आणि बरीचशी हाडं दिसतात. शेंगदाणा, सुपारी, मिरची, प्लॅस्टिक दिसत नाही. कवळीचं गुलाबी ॲक्रिलिकही दिसत नाही, तिची तार असेल तर तेवढी दिसते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर फाइल बंद करू नका. पूर्ण श्वास सोडून काढलेला दुसरा एक्स-रे कोंडलेली हवा दाखवू शकतो. सीटी स्कॅन यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतो. पण शंका पक्की असेल तर स्कॅन स्वच्छ आला तरी दुर्बीण करावी लागते.

दुर्बिणीतून वस्तू काढणं

ही दुर्बीण जन्मली तीच या कामासाठी. 1897 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे गुस्ताफ किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड सरळ नळीतून पाहत काढलं.

आज दोन प्रकार आहेत. लवचीक दुर्बीण पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते, घसा बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन नाकातून किंवा तोंडातून घालतात. प्रौढांमधल्या बहुतेक वस्तू हिनेच निघतात. चिमटे असतात, जाळी असते, वस्तूच्या पलीकडे नेऊन फुगवायचा फुगा असतो. ओल्या, मऊ दाण्यासाठी क्रायोप्रोब फार कामाचा: त्याचं टोक वस्तूला गोठवून स्वतःला चिकटवून घेतं आणि भुगा होत नाही. ताठ, धातूची दुर्बीण पूर्ण भूल देऊन घालतात. वस्तू मोठी, टोकदार किंवा मांसात गाडलेली असेल, किंवा श्वासच धोक्यात असेल, तर तीच सुरक्षित, कारण तिच्यातून श्वासही देता येतो आणि मोठा चिमटाही जातो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ आज आहेत का, दोन्हींपैकी कुठली दुर्बीण होते, भूलतज्ज्ञ आहेत का. उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे रात्र काढण्यापेक्षा नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा, नवापूर-नंदुरबारकडच्यांना जवळ पडणाऱ्या, सुरतेचा रस्ता त्याच वेळी धरता येतो. श्वास धोक्यात असेल तर मात्र आधी जवळचा दवाखाना, ऑक्सिजन, मग पुढे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते योजनेतल्या रुग्णालयाचा आरोग्यमित्र सांगतो.

ठरवून दुर्बीण होणार असेल तर आधीचे 6 तास जेवण नको, शेवटचे 2 तास पाणीही नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. क्लोपिडोग्रेल बहुधा काही दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये, रुग्णाने तर नाहीच. भोवती खूप मांस वाढलं असेल तर काही वेळा काही दिवस स्टिरॉइड देऊन सूज कमी करतात आणि मग वस्तू काढतात. घाई करून ओढलं की रक्तस्राव होतो.

वस्तू निघाल्यावर डॉक्टर पुन्हा एकदा दोन्ही बाजू तपासतात, कारण दुसरा तुकडा असू शकतो. अगदी थोड्या रुग्णांत दुर्बिणीने जमत नाही, किंवा पलीकडचा भाग सडून निकामी झालेला असतो. तेव्हा छाती उघडून तो भाग काढावा लागतो.

घसा बधिर असेपर्यंत, म्हणजे साधारण 2 तास, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर पहिलाच घोट पुन्हा श्वासनलिकेत जाईल. मग आधी पाण्याचा एक घोट, खोकला आला नाही तर पुढचा. एखादा दिवस बारीक ताप आणि बेडक्यात रक्ताच्या रेषा चालतात. रेषांपेक्षा जास्त रक्त, वाढता दम, एका बाजूला छातीत जोराची कळ यांपैकी काही झालं तर लगेच परत जा. चार-सहा आठवड्यांनी एक्स-रे करा, बरं वाटत असलं तरी. गोळीमुळे भाजलं असेल तर नळी आखडतेय का, हे पाहायला दुर्बीण पुन्हा करावी लागू शकते.

डिझेल तोंडाने ओढणं

ही घन वस्तू नसली, तरी खेड्यात फुप्फुस बिघडवणारी सवय आहे, म्हणून इथेच लिहायला हवं. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल ओढताना घोटभर श्वासात गेलं, तर काही तासांत खोकला, छातीत दुखणं, ताप सुरू होतो. उलटी काढू नका. बाहेर येताना तेच पुन्हा फुप्फुसात जातं. कपडे बदला, तोंड धुवा, आणि बरं वाटलं तरी निदान 6 तास दवाखान्यात नजरेखाली राहा. नळीला हातपंप लावला की हा प्रश्नच उरत नाही, तो स्वस्तात मिळतो.

ज्यांना घास उतरत नाही, त्यांना भरवताना

ठिबकचे ग्रोमेट (रबरी कड्या), चुका, टाचण्या दातात धरू नयेत, कारण बोलण्याआधी माणूस आपोआप श्वास आत घेतो. सैल कवळी दुरुस्त करून घ्या, झोपताना काढून पाण्यात ठेवा. पिणाऱ्याला आडवं पडून चकणा खाऊ देऊ नका.

लकवा किंवा कंपवाताच्या माणसाला ताठ बसवून भरवा, हनुवटी किंचित छातीकडे, घास चमचाभर. आधीचा गिळल्याचं बघून पुढचा द्या. कोरडी बट्टी, चिवडा, अख्खे दाणे नकोत. वरणात कुस्करलेली भाकरी किंवा दाट खिचडी चालते. पाण्याने ठसका लागत असेल तर पातळ पाणी हेच सगळ्यात अवघड असतं, ते दाट करून कसं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. टीव्ही बंद ठेवा, भरवताना प्रश्न विचारू नका. लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो, तो जेवणानंतर बोटाला कापड गुंडाळून काढा आणि अर्धा तास आडवं करू नका. गोळ्यांची पूड करून द्यायची असेल तर आधी औषधवाल्याला विचारा, कारण काही गोळ्या फोडून चालत नाहीत.